साडेनऊ तासांची रांग

३ जानेवारी १९९६
प्राचार्य म्हणाले, "पुस्तकं लई झाली सर. विद्यापीठाची कमिटी येणार हाय. प्रत्यक्षात काय केलं ते दाखवा, मग कायमचं बघू." चार वर्षं तासिका तत्त्वावर राबतोय, आता हे!
विषय ऑपरेशन्स मॅनेजमेंट. पुस्तकात अमेरिकेतल्या बँकेची रांग. आमच्या केजच्या पोरांनी बँकेपुढं चपलांची रांग लावून बाभळीखाली बसलेली माणसं बघितलीत. त्यांना काय शिकवू, कपाळ!

९ जानेवारी
पोरांना घेऊन साखर कारखान्यावर गेलतो. वजनकाट्यापुढं उसाच्या बैलगाड्या — मैलभर! एकेक गाडी साडेनऊ तास थांबते. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढी रांग पुस्तकवाल्याच्या बापानं बघितली नसेल.

१८ जानेवारी
रांगेवर तोडगा सापडला. ऊसतोडीच्या प्रत्येक मुकादमाला वेळेची चिठ्ठी — तुमच्या गाड्या इतक्या वाजताच काट्यावर. मॅनेजर आधी हसला, मग हो म्हणाला.

२६ जानेवारी
रांग अडीच तासांवर! माझ्या वर्गातल्या संगमेशनं घड्याळ लावून मोजलं. झेंडावंदनाला प्राचार्यांनी माझं नाव घेतलं. तेही चुकीचं.

२ फेब्रुवारी
पोरांना घेऊन ऐटीत कारखान्यावर गेलतो. भामाबाई नावाची ऊसतोड करणारी बाई अंगावरच आली. "रांग कावून मोडली तुमी?"
म्हटलं, बाई, तुमचे सात तास वाचले!
"कुठं वाचले? गाडी लवकर रिकामी झाली की मुकादम म्हनतो, चला दुसऱ्या खेपेला. रांगेतच झोपायचो आमी. बैल आपले आपण फुडं सरकायचे. आता आमचे मालक गाडी हाकता हाकता पेंगतेत."
तिचा नवरा शहादेव बाजूलाच उभा होता. डोळे लालभडक. नुसता हसला.
फळ्यावर मी त्या सात तासांपुढं 'वाया' लिहिलं होतं. पोरं माझ्याकडं बघत होती. शरम वाटली. लई वाटली.

३ फेब्रुवारी
मॅनेजरला सांगायला पाहिजे — दुसरी खेप बंद करा, नाहीतर चिठ्ठ्या बंद. पण कमिटी बारा तारखेला! तिला काय झोपलेली माणसं दाखवू? ऑर्डर हातात पडली की बोलतो. तेवढ्यानं काय बिघडतंय.

१२ फेब्रुवारी
कमिटी खूश. एकानं विचारलं, "कामगारांची काही तक्रार?"
"नाही," म्हणालो.

१६ फेब्रुवारी
ऑर्डर आली. कायम झालो. प्राचार्यांनी पेढे वाटले.
संगमेशनं पेढा घेतला नाही. म्हणाला, शहादेवची भरली गाडी सकाळी कालव्यात गेली. त्याला डुलकी लागलती. बैल तेवढे वाचले.