बावन्न दात्यांचा गिअर

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ८.४०
डोंगरावरच्या चांदबिबी महालाचा चढ, सायकलवर. दुसऱ्या वळणावर पाय टेकला. मागच्या रविवारी तिथंच, त्याच्या मागच्या रविवारीही तिथंच. तिथला दगड आता ओळखीचा झालाय, त्याच्यावरच बसतो.
दिशा वर जाऊन खाली आली. तिची सायकल नववीत घेतलेली, पुढं बास्केट, गिअर नाहीत. म्हणाली, पप्पा, आज जवळजवळ झालंच होतं. काही झालं नव्हतं. पोरगी स्वभावानं चांगली आहे.
वय एक्कावन्न, वजन एक्क्याण्णव. पण मूळ प्रश्न वजनाचा नाही. गिअर रेशोचा आहे.

५ ऑगस्ट
दिशाची बँकेची ऑर्डर आली. चंद्रपूर. सहा ऑक्टोबरला हजर व्हायचं. तिची आई सविता रडली. मी रडलो नाही, बाथरूमचा नळ दुरुस्त करत बसलो. नळ चांगलाच होता.
दिशा म्हणाली, जायच्या आधी एकदा तरी आपण दोघं महालापर्यंत जाऊ. थर्मासमध्ये चहा नेऊ, पायऱ्यांवर बसून पिऊ. एवढंच पाहिजे म्हणाली.
म्हटलं, हात्तिच्या! आठ रविवार आहेत हातात.

९ ऑगस्ट
ऑफिसात लंच टाइममध्ये सखोल अभ्यास केला. माझ्या माउंटन बाइकला एकवीस गिअर आहेत. म्हणजे जुनाट. हल्ली पुढं एकच चक्र असतं आणि मागं बारा. सगळ्यात मोठं बावन्न दात्यांचं, ताटाएवढं. वायर नाही, केबल नाही. हँडलवर बटण दाबलं की मागं बारकी मोटर चेन उचलून ठेवते. भिंतसुद्धा चढता येईल.
सगळा सेट एक लाख अठरा हजार. सायकल घेतली होती बत्तीसला.
शेजारच्या टेबलावरचा आदिनाथ म्हणाला, सर, आठ किलो कमी करा, फुकटात होतंय. आदिनाथला टेक्नॉलॉजीतलं काही कळत नाही.

१० ऑगस्ट, रविवार
गेलो नाही. जुन्या गिअरवर सराव केला तर चुकीचे स्नायू तयार होतात.

१७ ऑगस्ट, रविवार
पाऊस. (थोडा होता.) दिशा एकटीच गेली. येताना भिंगारहून वडे घेऊन आली. माझ्यासाठी दोन. तीन खाल्ले.

३१ ऑगस्ट, रविवार
गणपतीत घर सोडून जाणं बरं दिसत नाही.

१ सप्टेंबर
ऑर्डर दिली. सविताला किंमत सांगताना एक शून्य सांगायचं राहून गेलं. तरी ती म्हणाली, अकरा हजार आठशे? अहो, चेनला सोनं लावलंय का?
दिशाला खरा आकडा माहीत आहे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

४ सप्टेंबर
पेपरात बातमी. बावीस तारखेपासून सायकलवरचा जीएसटी कमी होणार. आपलं हे असंच असतं.

१२ सप्टेंबर
पार्सल आलं. सरळ छगनकडं नेलं. छगन चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय. त्यानं खोकं उघडलं, हात पुसले, परत पुसले, आणि म्हणाला, साहेब, ह्ये गिअर न्हाई, ह्यो मोबाईल हाय चेनीला बांधलेला. लाईट गेल्यावर काय करायचं?
त्याला बॅटरी समजावून सांगितली. मान हलवली. मग म्हणाला, तुमच्या मागच्या चाकाला ह्ये बसत न्हाई, चाकच नवं लागंल. नऊ हजार. पुण्याहून येणार.
आता मागं फिरणं शक्य नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
चाकाची वाट पाहतोय. दिशानं विचारलं, तोपर्यंत जुन्या चाकावर जायचं का? तिला समजावून सांगितलं की सिस्टीम अर्धवट वापरायची नसते. बरं म्हणाली. हल्ली फार लवकर बरं म्हणते.

२१ सप्टेंबर, रविवार
सगळं बसलं! सहा वाजता दोघं निघालो. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बॅटरी बंद. मी चार्जिंगला लावली होती, पण उद्या घट बसणार म्हणून सविताची लगबग चाललेली, तिनं प्लग काढून तिथं मिक्सर लावला. चेन सगळ्यात जड गिअरवर. भिंगारच्या अलीकडूनच माघारी. गुडघ्यातून करकर आवाज येतोय.
दिशा रस्ताभर हसत होती. शेवटी मीपण हसलो. ते इथं लिहायची गरज नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
रात्रभर धो धो. सीना दुथडी भरून वाहतेय म्हणे. आजचा पाऊस खरा होता. पण आधीच्या सगळ्या रविवारांनी मला खोटं पाडलंय, त्यामुळं घरात कुणी फार हळहळलं नाही. रविवार संपले, दिशा चार तारखेला निघणार.
दिशाशी पक्कं ठरवलं: दसरा, गुरुवार, सकाळी सहा. काहीही झालं तरी.
दुपारी हॉलमध्ये चाक उचलून बटण दाबून बघितलं. कुर्र. चेन वर. कुर्र. चेन खाली. किती सुंदर! सविता म्हणाली, पाहुणे येतील, आवरा ते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सायकल धुतली, पुसली, पूजा केली. सविता हँडलला झेंडूचा हार घालत होती. मी थांबवलं. हँडलला काय करायचाय हार? पूजा यंत्राची असते. हार मागच्या गिअरला घातला, चांगला दोनदा गुंडाळून. नारळ फोडला. हळदकुंकू लावताना सेन्सरवर जाऊ दिलं नाही.
दिशा म्हणाली, पप्पा, उद्या सकाळी तो हार काढा. म्हटलं, दसऱ्याच्या दिवशी वाहनावरचा हार कोण काढतं?

२ ऑक्टोबर, दसरा. रात्री ८
लिहायची इच्छा नाही. लिहितो.
सहाला निघालो. भिंगार गेलं. लोक हात करत होते, हार बघून असावं. पहिलं वळण आलं. बावन्न दात्यांचं बटण दाबलं. कुर्र. चेनबरोबर हारही वर चढला. सविता हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवते, गेल्या वर्षी सुती दोरा तुटला होता म्हणून. दोरा गुंडाळत गेला, मोटर हट्टानं ओढत राहिली, कुर्र, कुर्र, आणि कट्ट. अख्खा गिअर मोडून चाकाच्या तारांत. रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या. अरे देवा!
दुसऱ्या वळणापर्यंतसुद्धा पोचलो नाही.
दिशा म्हणाली, जाऊ द्या पप्पा, सायकल इथं झाडाखाली ठेवू आणि चालत जाऊ, चहा आणलाय.
मी म्हणालो, एक लाख सत्तावीस हजारांची वस्तू रस्त्यावर कशी सोडू? तू जाऊन ये. मी इथं थांबतो.
ती दोनदा म्हणाली, चला ना. मी दोनदा नाही म्हणालो.
गेली. मी सायकल धरून उभा. पाऊण तासानं आली. थर्मास तसाच भरलेला होता. म्हणाली, एकटीनं काय प्यायचा. मग तिथंच उभ्यानं प्यायलो. चहा गरम होता.
घरी टेम्पोनं. टेम्पोवाल्यानं विचारलं, साहेब, सायकल कितीची? सविता दारातच होती. दिशानं सांगायच्या आत मीच आकडा सांगितला. पूर्ण. सविता आत गेली. सोनं वाटायला कुणी आलं की बाहेर येते, हसते, परत आत जाते.

४ ऑक्टोबर
दिशा गेली. बसच्या खिडकीतून म्हणाली, गोळ्या वेळेवर घ्या. बास्केटवाली सायकल चावीसकट ठेवून गेलीय, दळण आणायला होईल म्हणाली.
नळ पुन्हा दुरुस्त केला.

७ ऑक्टोबर
छगनकडं. म्हणाला, नुसता गिअरच पन्नास हजाराचा हाय, घेऊ नगा. जुने एकवीस परत बसवून देतो, चारशे रुपये. आन् साहेब, हार गळ्यात घालायचा आस्तो.
नको म्हटलं. सायकल राहू दे तुझ्याकडंच.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९
दिशाची सायकल घेऊन गेलो. सीट खाली होती, गुडघे बास्केटला लागत होते. दुसऱ्या वळणावर पाय टेकला. त्याच दगडापाशी. एकवीस गिअर असोत की एकही नसो, तोच दगड. म्हणजे गिअरचा काही संबंधच नव्हता.
सायकल झाडाला टेकवली. कुलूप लावायचं सुचलंच नाही. चालत वर गेलो, चार वेळा थांबून. वीस मिनिटं लागली. फक्त वीस मिनिटं. पायरीवर बसलो. चहा आणला नव्हता.
दिशाला फोन केला. म्हटलं, पोचलो. ओरडली आनंदानं. मग तिनं विचारलं, सायकल?
म्हटलं, खाली ठेवली. मग ती म्हणाली, दिवाळीला एकच सुट्टी मिळतेय, यायला जमायचं नाही.
बराच वेळ तिथंच बसलो. खाली आलो तर सायकल होती तशीच झाडाला टेकलेली. कुणी हातसुद्धा लावला नव्हता.