कुरियरनं आलेलं तुणतुणं

दादा, तुमचं तुणतुणं मला सापडलं. वडीगोद्रीला हायवेवरच्या एका ढाब्यात, भिंतीला खिळा मारून टांगलेलं. एका बाजूला सूप, दुसऱ्या बाजूला कंदील. गावाकडची सजावट म्हणे. मी पिठलं-भाकरी खायला बसले होते आणि डोळ्यांसमोर ते. लाकडाच्या कडेला चटक्याचा काळा डाग आहे ना, तो माझ्या हातनं पडलेला, म्हणून बराबर ओळखलं. पावसाळ्यात चामडं ढिलं पडायचं आणि ते चुलीपाशी शेकवायचं काम माझं. तार पुसायची मी, पिशवीत घालून तुमच्या खांद्याला अडकवायची मी. वाजवायचं तेवढं नाही.

अकरा वर्षांची होते. तुम्ही वाटूरहून एका लग्नाचा गोंधळ घालून सकाळी घरी आलात, पिशवी ठेवून आंघोळीला गेलात. बाहेर येऊन बघता तर मी चुलीपाशी उभी राहून तुणतुणं वाजवत आईला देवीचं पद म्हणून दाखवतेय. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. हातातनं ते काढून घेतलं, कपाळाला लावलं आणि माझ्याकडं न बघता आईला म्हणालात, "पोरीला हे कशाला शिकवून राह्यलीस? ती जाईल दुसऱ्याच्या घरी, मंग हितलं देवीचं कोण करंल?" आई भाकरी थापत होती, थापतच राहिली. मी त्या दिवशी जेवले नाही. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही.

पुढं ते तुम्ही काकांच्या पोराला दिलंत. पाटावर बसवून, टिळा लावून, नारळ हातात देऊन, चारचौघांत. त्याला ताल कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण मुलगा होता ना, झालं. आता तो गोंधळाला स्पीकर आणि बटणं दाबायचं यंत्र घेऊन जातो. ढाब्यातूनच त्याला फोन लावला. म्हणाला, "अगं ताई, ढाबेवाला माझ्या वळखीचा. त्यानं मागितलं, मी देऊन टाकलं. पडूनच व्हतं घरात, तार बी तुटून गेल्ती." एवढं बोलून माझ्या पोराच्या लग्नाला किती माणसं येणार, ते विचारायला लागला. त्या लग्नाचा गोंधळ त्यालाच सांगितलाय. माहेरचा मान, दुसरं काय!

ढाबेवाला भला माणूस. "मावशी, तुमच्या वडलांचं असंल तर न्या की," म्हणाला. मी नको म्हणाले. तुम्ही हातानं दिलं नाहीत ते भिंतीवरनं उतरवून घ्यायला मी काय भीक मागायला आले होते? पण तिथंच ठरवलं, पोराच्या गोंधळाला तुणतुणं मी धरणार, पद मी म्हणणार, आणि तेही माझ्या स्वतःच्या तुणतुण्यावर.

स्वस्तातलं हवं होतं, पण खरं हवं होतं. फोनवर शोधलं तर आधी सगळी खेळणीच निघाली. वीतभर उंचीची, गोंडे लावलेली. एकाला चामड्याच्या जागी प्लास्टिक, आणि खाली कुणीतरी कौतुकानं लिहिलेलं, 'बैठकीत फार शोभून दिसतं.' शेवटी एक बनवणारा सापडला. त्याला फोन करून विचारलं, चामडं कशाचं, लाकूड सलग आहे की जोडलेलं, खुंटी फिरते का नुसती दाखवायला आहे. त्यानं वाजवून व्हिडिओ पाठवला. तेव्हा कळलं, पारख मला तुमच्या शेजारी उभं राहूनच आली होती. त्यानं पत्ता विचारला, पिनकोड विचारला. बाई का पुरुष, ते कुणी विचारलं नाही. चार दिवसांत अंबडला घरपोच आलं. तुम्हाला जन्मभरात जमलं नाही ते कुरियरवाल्यानं एक सही घेऊन हातात ठेवलं.

आता गोंधळ आठ दिवसांवर आलाय. रोज दुपारी शाळेतली नोकरी उरकून आले की दार लावून बसते. तार चांगली बोलते, हातही चुकत नाही. पण पद उचललं की दुसऱ्याच ओळीला आवाज चिरतो. काल पोरगा दारात येऊन म्हणाला, "आई, घसा बसंल तुझा. तार जरा उतरव ना." मी खेकसले त्याच्यावर. म्हटलं, तुला काय कळतं, गोंधळाची तार इथंच बोलते. तो गेल्यावर ध्यानात आलं की ती तुमची पट्टी आहे. कुणी सांगितलं नव्हतं, खुंटी पिळता पिळता कान आपोआप तिथं जाऊन थांबला. तुमचा आवाज टिपेचा, तुम्हाला तो शोभायचा. मला वर झेपत नाही आणि त्याच पट्टीत खालच्या सप्तकात घेतलं तर आवाज पोटातच राहतो.

म्हणून आज खुंटी सैल केली. थोडी, मग आणखी थोडी. कुठं थांबायचं तेच कळेना. दादा, मी त्रेपन्न वर्षांची झाले आणि माझी पट्टी कोणती ते मला ठाऊक नाही. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. घर माझं, स्वयंपाकघर माझं, अडवायला कुणी नव्हतं. तुम्ही मला गाऊ दिलं नाही, हे मी नवऱ्याला सांगितलं, पोराला सांगितलं, शाळेतल्या बायकांना सांगितलं. इतक्या वर्षांत भांडी घासताना एक ओळ मात्र गुणगुणले नाही. ते तुमच्यामुळं नाही, हे तुमच्यासमोर मी कधीच कबूल केलं नसतं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहून टाकलं.