पुढच्या टाकीतली ठकठक

३ नोव्हेंबर २०१४
रेडीहून तेरेखोल, तिथून फेरीबोटीने केरी. काम मिळालं एकदाचं! खाणी बंद झाल्यापासून खाडीत गंजत पडलेली खनिजाची बार्ज समुद्रात बुडवायची आहे. तिच्यावर शिंपले धरतात, मासे वस्तीला येतात म्हणे. आधी तेल पुसायचं, वायरी काढायच्या, गॅसकटरने भोकं पाडायची. जोडीला पालयेचा कृष्णनाथ. सुपरवायझर शिवदास, डिचोलीचे, गोड बोलणारे. खोलीवर गरम उंडे पाव आणि बांगड्याची आमटी. मजा आहे.

५ नोव्हेंबर
धक्क्यावर रोज एक बाई येते. कमलाक्षी. तिचा नवरा बाबुराव माझ्या आधी इथे गॅसकटर चालवायचा. चतुर्थीच्या सुमारास कामावर आला तो घरी परतलाच नाही. शिवदास तिला सांगतात, पळाला असेल कुणाबरोबर. ती ऐकून घेते आणि उभीच राहते.

६ नोव्हेंबर
बार्जची पुढची टाकी तेवढी वेल्डिंग करून बंद केलेली. भर दुपारी आतून ठकठक आली. कृष्णनाथ म्हणाला, उन्हाने पत्रा ताणतो. म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

७ नोव्हेंबर
झाकण कापलं. आत बाबुराव. मरून दोन महिने झालेले. मग काल कोण—

कृष्णनाथने कबूल केलं: टाकीतल्या कोंदट हवेने बाबुराव कोसळला होता. शिवदासना वाटलं, मेला. बोभाटा नको म्हणून झाकण लावायला सांगितलं. कृष्णनाथ रडत म्हणाला, "वेल्डिंग मियाच मारलंय, सगुण. मागीर तो आतसून ठोकूक लागलो." म्हणजे झाकण लावलं तेव्हा तो जिवंत होता.

शिवदास आले. मंत्री येणार, तारीख ठरलीय, म्हणाले. वेल्डिंगची काडी माझ्या हातात दिली. मी झाकणाला पुन्हा वेल्डिंग मारलं.

८ नोव्हेंबर
राहवेना. कमलाक्षीला सांगितलं. तिने एकच विचारलं, झाकण कोणी लावलं? मी कृष्णनाथाचं नाव घेतलं. माझं नाही. पोलिसांत जाऊ म्हटलं, तर उठून गेली.

१० नोव्हेंबर
टगबोटीने बार्ज खोल समुद्रात आणून सोडली. पाणी आत घ्यायला मी आणि कृष्णनाथ. धक्क्यावर आज कमलाक्षी नव्हती.

व्हॉल्व्ह उघडले. कृष्णनाथ आधी होडीत उतरला. मी निघणार तोच—ठकठक. दोघांची.

टाकीत बांगड्या वाजल्या. कमलाक्षीचाच आवाज. माझं वेल्डिंग तसंच आहे, कुठे चीर नाही. मग ती आत कशी—

विचारते, कृष्णनाथ खंय? मी ओरडलो, होडीत! ती म्हणते, ना, तो हांगाच आसा.

होडी रिकामी. वाहत चाललीय.

ठकठक आता तिघांची. पाणी घोट्यापर्यंत—

ती विचारतेय, दुसऱ्यांदा झाकण कोणी—