तेरा इस्पिक आणि चौदावं पान

रत्नागिरी, रविवार

चि. बाबल्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी ठीक आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक कोणीच नाही. तुझा गुडघा कसा आहे? कंपनीनं रात्रपाळीतून सोडवलं का? (फोनवर विचारलं असतं, पण मी फोनवर बोलले की ह्यांनाच नव्हे, कुंपणापलीकडेही ऐकू जातं, आणि हे प्रकरण हळू बोलण्याचं आहे.)

तू आम्हां नवराबायकोला ब्रिज शिकवलंस ते कोणत्या मुहूर्तावर, देव जाणे. क्लबातला पत्त्यांचा कॅट पावसाळ्यात मीच घरी आणते हे तुला ठाऊक आहे. पानं सादळलेल्या पापडासारखी होतात. ती कोरड्या फडक्यानं पुसायची, पावडर लावायची, चार एक्के, चार राजे, चार राण्या अशी मोजून बावन्न भरली की रविवारी परत न्यायची. शिस्त म्हणजे शिस्त. गेल्या सर्वसाधारण सभेत ठरावही मीच मांडला होता, की न पिसलेला कॅट जो कोणी डावात आणील त्याचं नाव, कारणासकट, तीन महिने फळ्यावर. (अनुमोदक हे. मी खालून चिमटा काढला होता.)

तर गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. आमच्यासमोर बर्फाच्या कारखान्याचा नितेश पिलणकर आणि त्याची जोडीदार ठमाबाई शिवलकर, म्हणजे निवृत्त मेट्रन. (अजून बोली अशी लावतात की समोरच्यानं दंड पुढे करावा.) पानं ह्यांनी वाटली, म्हणून पहिली बोली ह्यांची. हातातली पानं उलगडली आणि ह्यांचा चेहराच बदलला. लग्नात नाव घेताना आवाज थरथरला होता ना, तस्साच आवाज काढून म्हणाले, “सात इस्पिक.” म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेराच्या तेरा हात आमचे! वांगी घेतानासुद्धा अर्धा तास विचार करणारा माणूस हा.

आणि नेमकी माझ्याकडे चौदा पानं निघाली. आता काय करणार? नियम तो नियम. मी “वाटप चुकलं” म्हणून पानं मध्ये टाकली, त्या दोघांनी सवयीनं टाकली, ह्यांनी मात्र छातीशी धरली होती ती मी सोडवून घेतली आणि सगळी एकत्र कालवून टाकली. हे म्हणाले, मला तेराही इस्पिक होते. नितेश म्हणाला, मला तेरा बदाम. ठमाबाई म्हणाल्या, मला तेरा किल्वर. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे दोघे आपली टर उडवतात. वीस वर्षांची बैठक पाच मिनिटांत मोडली.

तेव्हापासून हे क्लबात जात नाहीत. नितेश दर आठवड्याला सौंदाळे मासे पाठवायचा, तेही बंद. हे दिवसभर कागदावर आकडे मांडतात. म्हणे असा हात त्रेसष्ट हजार कोटींत एकदा येतो आणि आलेला कुणी बघितलाच नाही. काल बेरीज घेऊन स्वयंपाकघरात आले. तेरा, तेरा, तेरा आणि चौदा मिळून त्रेपन्न होतात. कॅटात पानं बावन्न. म्हणजे समोरचे लबाड. मी म्हटलं, चूक माझी मोजण्यात नसेल कशावरून? तर म्हणाले, “मथुरा खोटं बोलायची नाही.” माझी भाकरी करपली रे बाबल्या. फार वाईट वाटलं.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
मथुराताई

ता. क. चौदा नव्हती. तेरा होती, आणि तेराही चौकट. बघितल्याबरोबर ओळखलं, चूक माझीच. मोजताना मी एक्क्यांपासून प्रत्येक चौकडी इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर ह्याच क्रमानं लावते आणि मग पिसते. त्या दिवशी कुकरची शिटी झाली आणि पिसायचं राहिलं. असा कॅट कितीही काटा, चौघांना एकेक रंगच जाणार. आता आमच्याच घरून आलेला कॅट, वाटणारे हे आणि तेरा इस्पिकही ह्यांनाच! लोकांनी काय म्हटलं असतं? म्हणून चौदावं पान काढलं. (निम्मं ह्यांच्या अब्रूसाठी. निम्मं फळ्यासाठी.)

ता. क. २. खरं काम हे. तू ह्यांना लिही, की त्या शनिवारी तुम्ही बाहेर असताना मी येऊन गेलो आणि गंमत म्हणून कॅट लावून ठेवला. तू क्लबाचा सभासद नाहीस, तुला फळा लागू नाही. लहानपणी माझ्या वाटचा मार तू खाल्लायस, हा शेवटचा. पाकीट टपालात टाकायला ह्यांच्याकडेच देते. ह्यांना दुसऱ्याचं पत्र वाचायची सवय नाही.

ता. क. ३. (अक्षर माझं.) बाबल्या, तीस वर्षं कचेरीत हेडक्लार्क होतो. न वाचता कागद पुढे पाठवायची मला सवय नाही. तू काही लिहू नकोस. वाटेत नितेशकडे आणि ठमाबाईंकडे जाऊन आलो. सांगितलं, वाटणारा मी, पिसायचं मी विसरलो, त्यामुळे तुम्हीही खरे. मग क्लबात गेलो. फळ्यावर आता लिहिलंय : “दत्ताराम. न पिसता वाटले. तेराही इस्पिक आले.” खाली सेक्रेटरीची सही आणि शिक्का. मथुराला सांगू नकोस, तिला वाटू दे सुटली म्हणून. फळ्याचा फोटो सोबत जोडलाय, जपून ठेव.