दुधाचं बोट लावू नको

सेंदाई, जपान

आई,

तुले इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुहा गुडघा कसा आहे?

रागावू नको. तू दिवाळीसाठी पाठवलेल्या फुलवाती मी निकेलच्या क्षाराच्या पाण्यात भिजवून भट्टीत टाकल्या. कापूस जळला अन् धाग्यांसारखा बारीक धातू उरला. त्यातून वीज सोडली की पाण्यातून हायड्रोजन सुटते, बिनधुराचं इंधन. पण शेंडा वळताना तू दुधाचं बोट लावते ना, तिथं धातू धरलाच नाही, सारं गळून पडलं.

इथले प्रयोगशाळेतले सर म्हणतात, वातींचा नाद सोडून दे. मी सोडत नाही. यंदाही येणं होणार नाही, बाबाले तूच समजाव.

आपल्या मोताळ्याच्याच कापसाच्या कोरड्या फुलवाती पाठव. देवाले सांग, पाण्यातून जाळ निघाला की त्याच जाळावर त्याचा दिवा लावीन.

तुही,
आरोही