माझ्या नावाचं खातं

६ मार्च, वसमत
आकांक्षाला मागणी घालायला गेलो, तिच्या वडिलांनी 'तुमी करता काय?' विचारलं आणि कॉलेज अर्ध्यात सोडल्याचं माझ्या तोंडून निघालं, तिथंच लग्नाचं बोलणं मोडलं. पण आज खुश आहे. हिंगोलीकडचं आमचं गोरेगाव सोडलं, नोकरी लागली! मोंढ्याच्या बाजाराजवळ वरच्या मजल्यावर कंपनीची खोली, थंडगार कूलर, खिडकीतून हळदीचा वास. काम एकदम सोपं. कंपनीच्या रतनसिंगसाहेबांनी माझ्या नावावर बँकेत खातं काढायला लावलं. पासबुक, कार्ड, सिम त्यांच्याकडं. खात्यात कंपनीचे पैसे येणार, पुढं जाणार, मला कमिशन. तोवर इथंच राहायचं, जेवण फुकट. खोलीत मुबश्शीर म्हणून आणखी एक पोरगा आहे. आकांक्षाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो, "जावईबापू, पण आपली कंपनी इकती काय?" मी तापलो. तो हसत म्हणाला, मलाबी न्हाई माहीत.

९ मार्च
साहेब म्हणाले, आणखी एक खातं आण, मॅनेजर करतो. आकांक्षा हिंगोलीत नर्सिंगला आहे, तिची स्कॉलरशिप जमा होते ते खातं आहेच. स्टँडवर भेटलो. काहून पायजे कार्ड, ती विचारत राहिली. माझ्यावर भरोसा न्हाई का, म्हणून मी भर गर्दीत ओरडलो. तिनं पासबुक, कार्ड, सिम हातात ठेवलं. डोळे भरले होते. मॅनेजर झालो की तिला कळंल.

१२ मार्च
टेबलावर मोबाइल मांडलेत, प्रत्येकात कुणाचं तरी सिम. साहेबांचा माणूस नेमसिंग त्यांवर येणारे ओटीपी दिवसभर कुणाला तरी वाचून दाखवतो. आज तो पान खायला खाली गेला आणि माझ्या सिमचा मोबाइल वाजला. मी उचलला. जिवनबाई नावाची बाई, याच नंबरवर पैसे पाठवलेली. पैसे पाठवताना दिसलेलं माझं नाव तिनं सावकाश, पूर्ण घेतलं. धम्मदीप अमृतराव खिल्लारे. बँकेतून बोलतो म्हणून तिला कुणीतरी फसवलं होतं. नवऱ्याच्या ऑपरेशनचे पैसे होते, म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मला लेकरा म्हणत होती.
फोन ठेवला. परत वाजला. परत.

१३ मार्च
मुबश्शीर नाही. त्याची गादी गुंडाळून ठेवलेली. नेमसिंग म्हणाला, त्याचं खातं बँकेनं गोठवलं, पोलीस घरी गेले, आता त्याचं इथं काय काम? मी नेमसिंगची कॉलर धरली. साहेब शांत. म्हणाले, दार उघडंच आहे, जा की. खातं तुझं, सही तुझी. आमचं नाव कुठं आहे?
खरंच. कुठंच नाही.

१४ मार्च
दार उघडं आहे. पायरीपर्यंत गेलो, परत आलो. बाबांच्या दारात पोलिसांची जीप उभी राहिली तर — मोबाइल वाजून राहिला. कुणी उचलत नाही. मीही —

१५ मार्च
टेबलावर एक मोबाइल वाढलाय. मागं कागद चिकटवलेला — आकांक्षा.
दुपारून चालू करू म्हणतात.
म्हणजे उद्या कुणीतरी तिचं पूर्ण नाव घेऊन रडणार. पोलीस तिच्या होस्टेलवर —
न्हाई.
आधी हिंगोली. तिला बँकेत नेऊन खातं बंद — तिथूनच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन — मग मी पोलीस ठाण्यात. जिवनबाईचं सांगतो. मला धरतील. धरू द्या. आकांक्षा परत कधी बोलणार न्हाई, ते पण —
नेमसिंग विचारून राहिला, कुठं निघालास. मी चप्पल घातली. बाहेर आलो, दार ओढून लावलं आणि हिंगोलीची बस धरली; हे बसमध्येच लिहितोय.