सरासरीतून निसटलेले चौघे

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

माझ्या पाच वर्षांचा निकाल रायकर सरांनी उभ्या उभ्या लावला. "बावीस माणसं बसवलीत, मोबाइलइतक्या सूक्ष्मलहरी सोडल्यात, मेंदूचे आलेख काढलेत. सरासरी फरक शून्य. शून्य लिहा, मार्चअखेर प्रबंध द्या आणि मोकळ्या व्हा."

शून्य कसं लिहू? अठरा जणांच्या आलेखात खरंच काही नाही. पण चौघांच्या आहे! यंत्र सुरू झालं की दोघांच्या मेंदूतली अल्फा लहर वर चढते, दोघांची खाली जाते. सरासरी काढली की चौघंही गायब! सर म्हणाले, "योगायोगाला पुण्यात पीएचडी देत नाहीत, दीपमालाबाई."

भांडले. शेवटी ठरलं ते असं – चौघांना पुन्हा बसवायचं, प्रत्येकी सहा वेळा. यंत्र कधी चालू, कधी बंद हे फक्त प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्याला, तेजसला ठाऊक. त्याची यादी बंद पाकिटात. मी नुसता आलेख बघून सांगायचं. चोवीसपैकी वीस तरी बरोबर यायला हवीत, नाहीतर निमूटपणे शून्य लिहायचं. कबूल!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तेजस म्हणतो, "रिस्क आहे यार. सेफ खेळ, डिग्री घे." सेफ खेळायचं असतं तर वाशीम सोडून आलेच नसते.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज घात होता होता राहिला. शकूताई – आमच्या मेसमध्ये पोळ्या करतात, चौघांतला सगळ्यात ठळक आलेख त्यांचा – डोक्याला तेल थापून आल्या! केस कोरडे हवेत हे हजारदा सांगितलं होतं. "तुमी डोकं बघनार म्हनल्यावर झिंज्या घेऊन कसं यायचं? बरं दिसतं का ते?"

तारा टाळूला चिकटेनात. पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. सर दारातून बघत होते. "वा! म्हणजे इतकी वर्षं आपण खोबरेल तेलाचा अभ्यास करत होतो." मागच्या वेळीही तेल असेल तर? तर माझ्या हातात काहीच उरत नाही.

शिकेकाई आणली. प्रयोगशाळेच्या बेसिनवर शकूताईंना वाकवलं आणि स्वतः त्यांचं डोकं धुतलं. एकदा नाही, दोनदा. पंख्याखाली वाळवलं, मग बसवलं. आलेख स्वच्छ आला. त्या म्हणाल्या, "आईनंतर कुनी असं न्हाऊ घातलं न्हवतं." मला एकदम रडू आलं.

बुधवार, ५ मार्च

चोवीस बैठका संपल्या. चोवीस उत्तरं सही करून सरांकडे दिली. आता माझ्या हातात काही नाही. जेवण जात नाही.

मंगळवार, ११ मार्च

जिंकले!!

पाकीट फोडलं. तेजस वाचत होता – चालू, बंद, बंद, चालू – आणि सर माझ्या उत्तरांवर पेन्सिलीने खुणा करत होते. चोवीसपैकी तेवीस बरोबर! शकूताईंची सहाच्या सहा, धुतलेल्या डोक्यानिशी! तेजस टेबलावर चढून नाचला. त्याचं सेफ कुठं गेलं कोण जाणे.

सरांनी खुणा पुन्हा एकदा मोजल्या. "एक चुकलंच की." मग चष्मा काढला. "शून्य खोडा. नव्यानं लिहा."

धावत मेसमध्ये गेले. शकूताईंनी लाटणं खाली ठेवलं. "म्हंजे माजं डोकं बिघडलंय का?"

"नाही हो! अपाय होतो असं कुठं म्हणतेय मी? तुमचा मेंदू दखल घेतो, तुमच्यासोबत तपासलेल्या शेजारणीचा घेत नाही, एवढंच."

"ती भवानी कशाचीच दखल घेत न्हाई," म्हणाल्या आणि गरम पोळीवर तुपाचा गोळा घालून माझ्या हातात दिली. उभ्यानेच चार खाल्ल्या. आईला फोन केला. तिला काही कळलं नाही, पण माझ्याहून मोठ्यानं ओरडली!

बुधवार, १२ मार्च

सकाळी सरांनी स्वतःचा जुना प्रबंध माझ्यापुढे ठेवला आणि वर्गावर निघून गेले. मुखपृष्ठावर विषय माझाच, खाली नाव मच्छिंद्र रायकर. निष्कर्ष – शून्य. आत कच्च्या नोंदींचा कागद होता. तीन नावं लाल शाईनं खोडलेली, पुढे शेरा – 'अपवाद, वगळले'. तिसरं नाव मच्छिंद्र रायकर.